बोअरचा पॉइंट काढायचं मशीन बर्फाच्या डोंगरावर

मे महिन्यात माण तालुक्यातल्या माळावर लोखंडी खुंटी ठोकायची म्हणजे घणाची आणि मनगटाची परीक्षा असते. म्हसवडच्या पुढं एका शेतात पाण्याचा पॉइंट बघायला गेलो होतो. चार खुंट्या एका रेषेत ठोकल्या, तारा जोडल्या, मशीन चालू केलं, तर करंटचा आकडा जागचा हलेना. वरची वीतभर माती भाजून इतकी कोरडी झालेली की खुंटी आणि जमीन यांची ओळखच पटत नव्हती. मग नेहमीचा उपाय केला. कळशीभर पाण्यात दोन मुठी खडेमीठ विरघळवलं आणि खुंट्यांच्या बुडाशी ओतलं. मिनिटभरात आकडा चढला.

बरोबर भाचा होता. अपशिंग्याचा पोरगा, फौजेत आहे, लडाखमधून सुट्टीवर आलेला. कळशी ओतता ओतता म्हणाला, "मामा, आमच्याकडं तिकडं ऑगस्टात मोर्चा खणायला घेतला ना, की हातभर माती निघते. मग टिकाव ठणकन वर येतो. खाली सगळं गोठलेलंच. हे तुमचं मशीन तिथं चालंल का?"

चालतं. स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरावर तर १९९९ पासून चालू आहे. कसं आणि कशासाठी, ते मी त्याला बांधावर बसून सांगितलं. तेच इथं थोडं नीट मांडून सांगतो.

सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जी जमीन शून्य अंशाच्या वर जातच नाही, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. व्याख्या एवढीच, आणि ती फक्त तापमानाची आहे. बर्फाचा तिच्यात उल्लेख नाही. कोरडा कातळ वर्षानुवर्षं उणे तापमानात राहिला तर तोही पर्माफ्रॉस्टच. वरचा थर मात्र दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. भाच्याची ती हातभर माती म्हणजे हा थर. तो डोंगरागणिक वेगळा असतो, कुठं हातभर तर कुठं चार-पाच मीटर.

खरी काळजी असते ती बर्फानं भरलेल्या पर्माफ्रॉस्टची. उंच डोंगराच्या उतारावर हत्तीएवढ्या धोंड्यांपासून मुरमापर्यंत सगळा राडारोडा पडलेला असतो आणि त्यातली प्रत्येक फट बर्फानं बुजलेली असते. काही ठिकाणी तर दगड कमी आणि बर्फच जास्त. अशा बर्फ-दगडाच्या राशी उतारावरून वर्षाला काही सेंटिमीटर, कधी मीटरभरही, सरकत असतात. त्यांना दगडी हिमनद्या म्हणतात. अजिंक्यताऱ्याच्या तटाच्या दगडात जसा चुना, तसा या उतारांमध्ये बर्फ. चुना काढून घेतला तर तटाचा नुसता गडगा उरेल. आणि गडगा किती उभा करायचा याला मर्यादा असते, हे ज्यानं शेताला ताल घातली आहे त्याला सांगायला नको.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सिक्कीममध्ये साउथ ल्होनाक तलावाच्या काठाचा गोठलेला ढिगारा, सुमारे दीड कोटी घनमीटर, तलावात कोसळला. तलाव फुटला, तिस्ता नदीला पूर आला आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. त्याआधी ७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडात चमोलीजवळ रोंती शिखराच्या कड्यावरून जवळजवळ २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ खाली आला. दोनशेच्या वर माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. त्या कड्याच्या आत गोठलेल्या फटी किती सैल झाल्या होत्या, हे एका घटनेवरून सिद्ध करता येत नाही. पण पुढचा कडा कुठला, हे आधी कळायचं असेल तर डोंगराच्या पोटातला बर्फ मोजायला हवा, एवढं तर उघड आहे.

मग थर्मामीटर लावा की, भाचा म्हणाला. लावतात. स्वित्झर्लंडमध्ये कोर्वाच डोंगरावर मुर्तेल नावाची एक दगडी हिमनदी आहे. तिच्यात १९८७ साली ५८ मीटर खोल बोअर घेतली आणि आत तापमापक सोडले. तेव्हापासूनच्या नोंदी आहेत. पण तापमापकात एक मोठी गोम आहे, आणि हा सगळा लेख खरं तर त्या एका गोमेसाठीच आहे.

घरी करून बघा. फ्रीजमधला बर्फ पातेल्यात काढा, मंद आचेवर ठेवा आणि थर्मामीटर घालून हलवत राहा. काटा शून्यावर येतो आणि तिथंच बसतो. खाली गॅस जळतोय, बर्फाचं पाणी होतंय, काटा मात्र ढिम्म. शेवटचा तुकडा विरघळला की मगच तो वर सरकतो. मधली सगळी उष्णता बर्फ फोडण्यात जाते. एक ग्रॅम बर्फाचं नुसतं पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं, म्हणजे चहाचं आधण होण्याच्या बेतात.

डोंगराचंही असंच होतं. उणे पाच अंशांवरून उणे एकवर येईपर्यंत तापमापक इमानदारीनं सांगत राहतो. शून्याच्या जवळ आलं की तो गप्प होतो. दहा-दहा वर्षं उणे ०.१ किंवा ०.२ असाच आकडा. कागदावर बघणाऱ्याला वाटावं सगळं स्थिर आहे, आणि आत नेमका त्याच काळात चुना झिजतोय. जेव्हा बातमी सर्वांत महत्त्वाची, तेव्हाच बातमीदार मुका. शिवाय बोअर म्हणजे एकच टिंब. तिच्यापासून तीस मीटरवर काय चाललंय, ते तिला ठाऊक नसतं. आणि आपल्याकडं गाडी बांधावर येऊन उभी राहते, तिथं बोअरचं यंत्र हेलिकॉप्टरनं वर न्यावं लागतं.

इथं वीज कामाला येते. पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून पाण्यातून वीज जाते. शुद्ध बर्फातून ती जवळजवळ जातच नाही. पाणी गोठताना क्षारांना बाहेर ढकलतं आणि ते उरल्यासुरल्या पाण्यात गोळा होतात. त्यामुळं शून्याच्या खालीही दगडमातीच्या कणांभोवती पाण्याचा बारीक पापुद्रा न गोठता राहतो, आणि वीज कशीबशी त्या वाटेनं जाते. बर्फ वितळायला लागला की हा पापुद्रा जाड होतो, वाटा एकमेकींना मिळतात आणि जमिनीची रोधकता, म्हणजे विजेला अडवायची ताकद, धडाधड खाली येते. तापमापक जिथं मुका होतो, तिथं ही बडबडी होते.

आकडे द्यायचे तर, काळी माती माझ्या मशीनवर दहा ओहम-मीटरच्या (हे रोधकतेचं माप) आतबाहेर दाखवते. पाणी धरलेला मांजऱ्या खडक वीस ते साठ. घट्ट काळा पाषाण काही शेकडे. आणि बर्फानं ठासून भरलेला उतार? दहा-वीस हजारांपासून काही लाखांपर्यंत. आमच्या धंद्यात पन्नासाचे दोनशे झाले की आम्ही भुवया उंचावतो. त्यांच्याकडं लाखाचे पन्नास हजार झाले म्हणजे विषय गंभीर.

आता चार खुंट्यांचं गणित. हे समजलं की सगळं समजलं. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत करंट सोडायचा आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये किती व्होल्टेज पडलं ते वाचायचं. दोनच खुंट्यांवर का भागत नाही? कारण खुंटीची आणि मातीची गाठ जिथं पडते तिथला अडथळा बाकी सगळ्या जमिनीपेक्षा मोठा असू शकतो. दोनच खुंट्या असल्या तर आपण जमीन मोजण्याऐवजी ती गाठच मोजत बसू. व्होल्टेज वाचणाऱ्या खुंट्या वेगळ्या ठेवल्या की त्यांच्यातून करंट जवळजवळ वाहत नाही, म्हणून त्यांच्या गाठीचा अडथळा हिशेबात येत नाही. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती आहे. कॉनराड श्लुंबर्जे या फ्रेंच माणसानं १९१२ मध्ये नॉर्मंडीत जमिनीत वीज सोडून असे पहिले प्रयोग केले, आणि खुंट्या मांडायच्या एका पद्धतीला आम्ही आजही त्याचंच नाव घेतो.

समजा चारही खुंट्या दहा-दहा मीटरवर आहेत. १०० मिलिअँपिअर सोडले आणि आत ८० मिलिव्होल्ट मिळाले. भागाकार ०.८. त्याला २ गुणिले पाय (म्हणजे ३.१४) गुणिले १० नं गुणलं की साधारण ५० ओहम-मीटर येतात. म्हसवडच्या माळावर असा आकडा आला तर शेतकऱ्याचा चेहरा उजळतो. त्याच मांडणीनं बर्फाळ उतारावर जेमतेम १ मिलिअँपिअर शिरतो आणि आत ३२० मिलिव्होल्ट दिसतात. गणित तेच, उत्तर वीस हजार. खुंट्यांमधलं अंतर वाढवलं की वीज आणखी खोलातून वळसा घेते, म्हणून खोलची खबर मिळते. पण जितकं खोल, तितकं अंधुक. (तारेला हात लावू नका. मशीन काही शे व्होल्ट सोडतं. पॉइंट बघायला जमलेल्या पोराटोरांना हे ओरडून सांगण्यात माझा निम्मा दिवस जातो.)

डोंगरावर चार खुंट्यांनी भागत नाही. तिथं एका रेषेत चाळीस-पन्नास खुंट्या ठोकतात, सगळ्या एका जाड केबलला जोडतात, आणि आता कुठल्या चार वापरायच्या ते मशीन आपलं आपण बदलत जातं. शेकडो वाचनं होतात. दोनशे मीटरची रेषा असेल तर साधारण पस्तीस-चाळीस मीटर खोलीपर्यंतचं उभं काप मिळतं, कलिंगड कापून बघावं तसं. फक्त हे कलिंगड संगणकानं कल्पनेत कापलेलं असतं. तो आधी जमिनीचं एक चित्र धरतो, त्या चित्रात वाचनं काय यायला हवीत ते काढतो, खऱ्या वाचनांशी ताडतो, चित्र थोडं बदलतो, पुन्हा ताडतो. शाळेत मागच्या पानावरचं उत्तर बघून गणित उलटं सोडवायचो, तसंच. अडचण अशी की एकाच उत्तराला पोचणारी गणितं अनेक असतात.

ही अडचण मी पैसे मोजून शिकलोय. खरं तर पैसे दुसऱ्याचे होते. खटाव तालुक्यात एका शेतात ऐंशी फुटांच्या आसपास रोधकता झकास उतरली होती, पंचवीसच्या खाली. मी छातीठोकपणे पॉइंट दिला, नारळ फुटला, बोअर सुरू झाली. ऐंशी फुटांवर तांबडा चिखल निघाला. दोन बेसाल्टच्या थरांमध्ये असतो तो गेरूचा थर. चिकणमातीतूनही वीज मस्त जाते, पण ती पाणी सोडत नाही. पुढं तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. शेतकरी काही बोलला नाही, त्यानं नुसता चहा पाजला, आणि तो चहा मला अजून आठवतो. मशीन खोटं बोललं नव्हतं. "इथून वीज सहज जाते" एवढंच ते म्हणालं होतं. "पाणी आहे" हे मी म्हणालो होतो.

बर्फाच्या डोंगरावर हीच चूक उलट्या बाजूनं होते. आमच्याकडं कमी आकडा फसवतो, त्यांच्याकडं जास्त. मोठ्या धोंड्यांच्या ढिगात फटी नुसत्या हवेनं भरलेल्या असल्या तरी वीज जात नाही. कोरडा घट्ट खडक असला तरी जात नाही. बर्फ असला तरी नाही. तिन्ही एकाच रंगात दिसतात. त्यातही एक खोड अशी की बर्फ वितळून पाणी उताराखाली निघून गेलं आणि मागं पोकळी राहिली, तर आकडा खाली यायच्या ऐवजी वर चढू शकतो. म्हणजे बर्फ गेला, आणि वरवर बघणारा म्हणणार वाढला.

म्हणून विजेबरोबर आवाजालाही कामाला लावतात. जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घण मारायचा आणि कंपनं रेषेतल्या प्रत्येक ठिकाणी किती वेळात पोचतात ते मोजायचं. हवेत आवाज सेकंदाला ३३० मीटर जातो, पाण्यात १५००, बर्फात ३५०० च्या आसपास, घट्ट खडकात ५००० च्या वर. वीज म्हणते हवा किंवा बर्फ, आवाज म्हणतो ३५००. दोन साक्षीदार पटले की मग दगड, पाणी, बर्फ आणि हवा यांचा वाटा किती, याचा हिशेब मांडता येतो. त्यावर जवळच्या एखाद्या बोअरचा पुरावा मिळाला तर उत्तमच.

तरीही एकदा केलेली मोजणी म्हणजे अंदाजच. खरा खेळ पुन्हा मोजण्यात आहे, आणि तिथं ते लोक आमच्या पुढं गेलेत. सुरुवातीला सांगितलेला स्वित्झर्लंडमधला डोंगर तो हाच, आल्प्समधलं शिल्थॉर्न नावाचं २९७० मीटर उंचीचं शिखर. त्याच्या उतारावर १९९९ मध्ये खुंट्यांची रेषा ठोकली आणि ती काढलीच नाही. त्याच खुंट्या, तेच अंतर, दरवर्षी तीच वाचनं. याचा फायदा साधा आहे. वीस वर्षांत खडक बदलत नाही, त्यातल्या फटी फारशा बदलत नाहीत. दोन वर्षांची चित्रं एकमेकांतून वजा केली की न बदलणारं सगळं कटून जातं. उरतं ते पाणी आणि बर्फ. गेरूसारख्या थराची फसवणूकही यात बरीचशी संपते, कारण गेरू काल होता तसाच आज असतो.

२००३ चा उन्हाळा युरोपात भयंकर तापला. शिल्थॉर्नवर एरवी उन्हाळ्यात साधारण पाच मीटरपर्यंतचा थर वितळतो, तो त्या वर्षी नऊ मीटरच्या घरात गेला. रेषा आधीपासून जागेवर होती म्हणून रोधकता कुठं आणि किती घसरली ते दाखवता आलं. रेषा २००४ मध्ये ठोकली असती तर नुसती हळहळ राहिली असती. पुढं आल्प्समध्ये अशा कायमच्या रेषा वाढल्या. पाच स्विस आणि एक इटालियन अशा सहा ठिकाणांचा एकत्र हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आकड्यांचा कल खाली जाणारा होता, म्हणजे बर्फ कमी होत चाललाय.

ऐकायला सोपं, करायला वैताग. हत्तीएवढ्या धोंड्यांच्या ढिगात खुंटी ठोकणार कुठं? दगडात भोक पाडून खुंटी बसवतात, आणि गाठ पक्की व्हावी म्हणून तिच्याभोवती मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंजचे तुकडे खुपसतात. हे ऐकल्यावर भाचा हसला आणि त्यानं कळशीकडं बोट केलं. आता काही ठिकाणी लोखंडी खुंटीऐवजी वीज वाहून नेणाऱ्या कापडाच्या पुरचुंड्या भिजवून दगडांच्या बेचक्यात कोंबतात. हिवाळ्यात वरचा थरच गोठतो आणि करंट शिरत नाही. उन्हाळ्यात विजा पडतात, आणि डोंगरमाथ्यावर पसरलेली दोनशे मीटरची तार म्हणजे विजेला आवतणच. मोजणीचा महिनाही सांभाळावा लागतो. पाणी एका अंशानं तापलं तर त्याची वीज वाहायची ताकद साधारण दोन टक्क्यांनी वाढते, तेव्हा जूनच्या आकड्याशी सप्टेंबरचा आकडा ताडून उपयोग नाही.

साताऱ्यात बर्फाचा डोंगर नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधीमधी दवाचा हिमकण होतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, आपली मजल तेवढीच. पण उतार आहेत. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावात डोंगर उतरला, ती गावं आम्ही विसरलेलो नाही. तिथं चुना वितळला नव्हता, पावसाचं पाणी आत मुरलं होतं. विजेच्या दृष्टीनं दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, आत पाणी वाढलं की रोधकता उतरते. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या हॉलिन हिल या सरकत्या उतारावर तिथल्या भूशास्त्र सर्वेक्षण खात्यानं अशीच कायमची रेषा बसवून वर्षानुवर्षं ओल मोजली आहे. आपल्याकडं मशीन आहेत, ठोकणारे हात आहेत. एकाच जागी परत परत जायला मात्र पैसे कुणी देत नाही. मला आजवर कुणी एकाच शेताचा पॉइंट दोनदा काढायला बोलावलेलं नाही, पहिला फेल गेल्याशिवाय.

म्हणून गेल्या वर्षी मी हौसेनं एक उद्योग केला. आमच्याच माळावर चार खुंट्या पक्क्या ठोकल्या, बुडाला सिमेंट ओतलं, डोक्यांना लाल रंग दिला. मे महिन्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात एकदा वाचायचं ठरवलं. मेमधला आकडा १४० आला. ऑक्टोबरात मशीन घेऊन गेलो तर तीनच खुंट्या जागेवर. चौथी वस्तीवरच्या गोठ्यापुढं सापडली, सिमेंटच्या गोळ्यासकट. तिला शेळी बांधलेली होती, आणि मालकीण म्हणाली, "लई मजबूत हाय बघा, हलत न्हाई."